१९६९ च्या शेव्रोले कमॅरोचं व्ही-८ इंजिन मूळचंच आहे हे कसं ओळखायचं?

इंजिनच्या ब्लॉकवर (मुख्य ओतीव धडावर) ठोकलेला नंबर गाडीच्या व्हीआयएनशी, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकाशी, ताडून बघा. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा छोटा सपाट भाग दिसतो. तेलकट थर पुसला की १९एन (नॉरवूड कारखाना) किंवा १९एल (लॉस एंजेलिस) आणि पुढे सहा आकडे वाचता येतात. ते व्हीआयएनचे शेवटचे सहा हवेत. तिथे नसतील तर ऑइल फिल्टरच्या वर बघा, काही गाड्यांत तिथे ठोकलेत. ब्लॉकवरची ओतकामाची तारीखही गाडी तयार होण्याआधीची हवी. मात्र नुसते आकडे जुळले म्हणून पैसे मोजू नका, नंबर घासून नवे ठोकणारे महाभाग भरपूर आहेत. त्या सपाट भागावरच्या कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक समांतर रेघा गायब आणि नंबर मात्र ठसठशीत, असं दिसलं तर खुशाल संशय घ्या.