नातवाची भीती आणि आजीचे गुडघे

"बाई, पोराच्या मनातून शाळेची भीती काढा. रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो."

नोव्हेंबर २०२३. समोर बसलेल्या आजी मूळच्या रेवदंड्याकडच्या. इस्रायलमध्ये अश्दोदला येऊन चाळीस वर्षं झाली तरी मनातलं बोलायचं झालं की मराठीच. मी इथल्या एका सरकारी धार्मिक प्राथमिक शाळेत समुपदेशक आहे. मीही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, त्यामुळे आमची माणसं हिब्रूत अडखळण्यापेक्षा माझ्याकडे येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नातू चौथीतला. आई परिचारिका, वडिलांना मिलुईमचं, म्हणजे राखीव सैनिकांचं, बोलावणं आलेलं. पोर आजीकडेच राहायचं.

७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यानंतर शाळा बंद झाल्या आणि मग टप्प्याटप्प्याने उघडल्या. मिक्लातमध्ये, म्हणजे आश्रयाच्या खोलीत, जेवढी मावतील तेवढीच मुलं एका वेळी. त्यामुळे चौथीचा अर्धा वर्ग आज, अर्धा उद्या. अश्दोद गाझापासून तीसेक किलोमीटर. रॉकेटचा इशारा देणारा भोंगा वाजला की हाताशी ४५ सेकंद. दोन शिक्षिकांचे नवरे सीमेवर, म्हणून त्यांचे तास कधी कुणाची आई घेई, कधी कुणाचे आजोबा. सहावीतल्या प्रत्येकाला पहिलीतलं एक मूल नेमून दिलेलं. भोंगा झाला की आधी त्याचा हात धरायचा, मग धावायचं. शुक्रवारी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचे, पाव भाजले जात, ते ज्यांचे बाबा घरी नाहीत त्यांच्याकडे आधी जात. आमच्या मुख्याध्यापिकांना भाषण जमत नाही, याद्या जमतात. त्या दिवसांत याद्यांचाच आधार होता.

या सगळ्यात हा मुलगा मात्र दाराशी यायचा आणि परत फिरायचा.

मी जे शिकले होते ते केलं. श्वासाचा खेळ, चित्रं, पोटातल्या दुखण्याला नाव देणं. तो शहाण्यासारखा सगळं करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट धरायचा. तीन भेटी अशाच गेल्या. चौथ्या भेटीत, खरं तर कंटाळून, मी प्रश्न बदलला. "कशाची भीती वाटते?" असं न विचारता म्हटलं, "तू शाळेत असताना भोंगा झाला, तर तुला कुणाची काळजी वाटते?"

"आजीची. ती खाली उतरत नाही."

मग सगळं बाहेर आलं. आजी जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. १९९१च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांत ममाद, म्हणजे पक्क्या भिंतींची सुरक्षित खोली, सक्तीची झाली. ही इमारत त्याआधीची. अशा ठिकाणी जिन्यात, मधल्या मजल्यावर जाऊन थांबायचं. ७ ऑक्टोबरला सकाळी भोंगा झाला तेव्हा त्याने आजीचा हात ओढला. ती म्हणाली, "तू हो पुढं, मी आलेच." तो धावला. ती आलीच नाही. दहा मिनिटं तो जिन्यात बसून वरच्या दाराकडे बघत होता. आजी गुडघ्यांना कंटाळून पलंगावरच बसून राहिल्या होत्या.

आजींना हे सांगितलं तेव्हा त्या आधी रागावल्या. "माझं काय आता? झालं माझं आयुष्य." मी म्हटलं, "आजी, हे तुम्ही त्याच्यासमोर किती वेळा म्हणता?" त्या गप्प झाल्या.

पालक मला नेहमी विचारतात की भोंग्यांच्या दिवसांत मूल शाळा नको म्हणतं, तर घरी ठेवावं का. पहिल्या काही आठवड्यांत चिकटून राहणं, अंथरूण ओलं होणं, दचकून उठणं बहुतेक मुलांत दिसतं आणि ओसरतं. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा तिन्ही अडलेली असतील तर तज्ज्ञाकडे जावं. पण घरी ठेवल्याने भीती कमी होत नाही. आणि पुष्कळदा मूल स्वतःसाठी घाबरलेलंच नसतं, ते घरी कुणावर तरी पहारा करायला थांबतं. 'शूर हो' म्हणून तो पहारा सुटत नाही. संकटातल्या मानसिक प्रथमोपचाराची पद्धत मांडणारे इस्रायली तज्ज्ञ मोशे फार्ही सांगतात की घाबरलेल्याला गोंजारत बसू नका, नेमकं काम द्या. मी ते वाचलं होतं, फक्त वेळेवर आठवलं नाही.

(मिक्लातबद्दल लिहिताना, तीस किलोमीटरवरच्या गाझातल्या मुलांना अशी खोलीच नाही, हे डोक्यातून जात नाही. वर्गात एका मुलीने तेच विचारलं होतं. समुपदेशक म्हणून माझ्याकडे उत्तर नव्हतं.)

आजींच्या खालच्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याशी बोलले. भोंगा झाला की त्यांच्यातला एकजण वर जाऊन आजींना अर्धा जिना उतरवेल, असं ठरलं. जिन्याच्या वळणावर कायमची खुर्ची ठेवली. मुलाला शाळेत मिक्लातमधली मोजणी दिली. माणसं आकड्यांनी मोजू नयेत अशी आमच्यात रीत आहे, म्हणून स्तोत्रातलं दहा शब्दांचं वचन म्हणतात, 'होशिया एत अमेखा...', एका माणसाला एक शब्द. त्यात 'एत' दोनदा येतं, दुसरा शब्द आणि पाचवा. अर्ध्या वर्गाची तेरा मुलं म्हणजे एक पूर्ण वचन आणि वर 'अमेखा'पर्यंत. घरच्या जिन्यातली मोजणी त्याने आजीला नेमून दिली.

पोटदुखी लगेच थांबली नाही. आठवड्यात दोनदा व्हायची, मग एकदा. जानेवारीत 'तू बिश्वात' हा झाडं लावण्याचा सण आला. आमच्याकडे तो एलियाहू हनबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, दिवस. आजींनी पोहे, ओलं खोबरं, साखर घालून वर्गासाठी मलिदा केला. मोरोक्कन आणि रशियन घरांतली मुलं आधी नाक मुरडत होती, मग परात चाटूनपुसून साफ. वाढायला तोच होता.

त्याच सुमारास एकदा शाळेत असताना भोंगा झाला. दहा मिनिटांनी त्याने बाईंच्या फोनवरून आजीला लावलं. मी शेजारीच होते.

"कुठपर्यंत आली मोजणी?"

"'एत'पर्यंत."

"पहिलं एत की दुसरं?"

"दुसरं. समोरच्या दारातली म्हातारीपण आली रे, कुत्रा घेऊन. कुत्रा मोजायचा का?"