‘चेसिल बीच’ला पुळण म्हणावे का?

एका भाषांतरकार वाचकाने विचारले आहे की, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट काउंटीविषयीचा लेख मराठीत आणताना ‘चेसिल बीच’साठी ‘चेसिलची पुळण’ असे लिहावे का. शालेय भूगोलात ‘बीच’ला ‘पुळण’ हाच प्रतिशब्द दिलेला असल्याने त्यांना तो बिनधोक वाटतो, पण किनाऱ्याचे छायाचित्र पाहिल्यावर मन घेत नाही, असेही त्यांनी लिहिले आहे.

त्यांचे मन योग्य तेच सांगत आहे, कारण पुळण म्हटली की वाळू आलीच. संस्कृतात ‘पुलिन’ म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा वाळूचा पट्टा. त्यावरूनच आपली ‘पुळण’ आली, आणि गणपतीपुळे ह्या गावाचे नावही तिच्याशीच जोडले जाते. चेसिलला मात्र वाळू जवळजवळ नाहीच. वेस्ट बेपासून पोर्टलंडपर्यंत सुमारे २९ किलोमीटर पसरलेली ती गोट्यांची रास आहे, आणि त्यांतील बहुतेक गोटे चकमकीच्या जातीच्या दगडाचे, लाटांनी घासून गुळगुळीत केलेले आहेत. पश्चिमेकडे वाटाण्याएवढा असलेला खडा पूर्वेकडे वाढत वाढत पोर्टलंडच्या टोकाला मुठीएवढा होतो. रात्री किंवा धुक्यात नाव किनाऱ्याला लागली, तर पायाखालचा गोटा चाचपून आपण कुठे आहोत हे मच्छीमार ओळखत, असे तिथे परंपरेने सांगतात. ज्या किनाऱ्याची ओळखच गोट्याच्या आकारावरून पटते, त्याला वाळूवाचक शब्द देणे म्हणजे त्याचे वैशिष्ट्यच पुसणे होय.

ह्या नावाची खरी गंमत पुढेच आहे. जुन्या इंग्रजीत ‘चेओसेल’ म्हणजे खडी, बारीक गोटे. जर्मन भाषेतला ‘कीझेल’ हा त्याचाच नातलग. ‘बीच’ हा शब्दही सोळाव्या शतकात लिखित इंग्रजीत येतो तेव्हा त्याचा अर्थ समुद्राने झिजवलेले गोटे असाच आहे. ते जिथे पसरलेले असतात तो किनारा, हा अर्थ त्याला नंतर चिकटला, आणि ससेक्स व केंट भागांतल्या बोलीत जुना अर्थ टिकून राहिला. म्हणजे ‘चेसिल बीच’ ह्या नावात मुळात गोटेच दोनदा सांगितले आहेत. शब्दकोशात समोरासमोर बसणाऱ्या ‘बीच’ आणि ‘पुळण’ ह्या शब्दांपैकी एक दगडातून निघालेला आहे आणि दुसरा वाळूतून. आज त्यांचे अर्थ बहुतेक ठिकाणी जुळतात, पण चेसिलसारख्या जागी ते मूळ पुन्हा डोके वर काढते.

मग लिहावे काय? विशेषनाम ‘चेसिल बीच’ असेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात ‘गोट्यांचा लांबच लांब दांडा’ असे वर्णन जोडावे, असे मी सुचवीन. ‘वाळूचा दांडा’ भूगोलाच्या पुस्तकांत आहेच आणि डोंगराचा दांडा चढणाऱ्यांच्या तोंडी आहे. समुद्र आणि आतले पाणी ह्यांच्यामध्ये कण्यासारख्या उठलेल्या ह्या राशीला तो शब्द नेमका बसतो. पोर्टलंडच्या बाजूला तिची उंची सुमारे १५ मीटर भरते. तरीही नोव्हेंबर १८२४च्या वादळात समुद्र तिच्यावरून पलीकडे गेला आणि फ्लीट गावातली घरे व चर्चचा बराचसा भाग उद्ध्वस्त झाला. त्या जुन्या चर्चचा वेदीकडचा भाग आजही उभा आहे.

‘पुळण’ हा शब्द लेखातून पूर्णपणे काढू मात्र नये. जवळच्याच वेमथला खरोखर मऊ वाळूचा किनारा आहे. राजा तिसरा जॉर्ज १७८९मध्ये तिथे समुद्रस्नानासाठी आला आणि वेमथचे नाव सर्वतोमुखी झाले. तिथे ‘वेमथची पुळण’ असे निःशंकपणे लिहावे. दोन्ही शब्द एकाच लेखात आले, तर इतक्या जवळ असलेल्या ह्या दोन किनाऱ्यांमधला फरक वाचकाला वेगळे न सांगता कळेल. डॉर्सेट आणि पूर्व डेव्हनचा हा किनारा २००१पासून जागतिक वारसा आहे तो १८.५ कोटी वर्षांचा भूइतिहास त्याच्या कड्यांतून वाचता येतो म्हणून. पर्यटक तिथे येतात तेही बरेचसे खडक आणि जीवाश्म पाहायला. अशा लेखात दगड आणि वाळू ह्यांची सरमिसळ होणे मला तरी फार खटकेल.

जाता जाता एक सावधगिरी. दांड्याच्या आत जे खारे-मचूळ पाणी अडले आहे, त्याचे नाव ‘द फ्लीट’. त्याच्या काठी ॲबट्सबरीला बेनेडिक्टाइन भिक्षूंनी अकराव्या शतकात खाण्यासाठी हंस पाळायला सुरुवात केली. मठ १५३९मध्ये बंद झाला, पण हंस आजही तिथे घरटी करतात आणि मे-जूनमध्ये पिले पाहायला लोक आवर्जून जातात. ह्या ‘फ्लीट’चे भाषांतर ‘ताफा’ असे करू नये. जहाजांच्या ताफ्याशी त्याचे दूरचे नाते असले, तरी इथे जुन्या इंग्रजीतला ‘फ्लेओट’ म्हणजे खाडी हा अर्थ आहे. नाव ‘फ्लीट’ ठेवून पुढे ‘खाजण’ लिहावे. भूगोलाच्या परिभाषेतला तो शब्द इथे अगदी चपखल आहे.