ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या नॉर्थ मेलबर्न क्लबला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दरवर्षी चांगली पोरं मिळतात, तरी संघ तळालाच का? चूक निवडीची की घडवण्याची?

माझ्या मते निवडीची कमी, घडवण्याची जास्त. आणि त्याहून जास्त २०२० च्या शेवटी केलेल्या साफसफाईची. त्या वर्षी क्लबने एका फटक्यात अकरा खेळाडू काढले. शिवाय बेन ब्राउन मेलबर्न या दुसऱ्या क्लबकडे गेला (आणि पुढच्याच वर्षी विजेतेपद घेऊन बसला!), शॉन हिगिन्स जिलाँग क्लबला. मधल्या वयाची फळीच उरली नाही.

२०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षं अठरा संघांत अठरावे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल अंगाचा खेळ आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा सत्तावीस वर्षांच्या तयार गड्यापुढे रेटला जातो, आणि शेजारी सावरून घेणारं कोणी नसेल तर हरण्याचीच सवय लागते. जेसन हॉर्न-फ्रान्सिस हा पहिल्या क्रमांकाचा ड्राफ्ट, एका मोसमात पोर्ट ॲडलेडला निघून गेला. याला निवड चुकली कसं म्हणणार? तिकडे तो चमकतोयच की.

नॉर्थनेच ड्राफ्टमधून घेतलेल्या हॅरी शीझलला तर २०२३ मध्ये रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार, मिळाला. म्हणजे पारख आहे.

हॉथॉर्न क्लबला चार विजेतेपदं मिळवून देणारा प्रशिक्षक क्लार्कसन आला, तरी २०२३ आणि २०२४ मध्ये सतरावा नंबर. २०२४ च्या शेवटी ल्यूक पार्कर, केलेब डॅनियल, जॅक डार्लिंग असे मुरलेले खेळाडू आणले. बरोबरच केलं, पण चार वर्षं उशिरा.