छतावरचे पिवळे दिवे लावण्याआधी गाडी मोजा

नव्या पिकअपबद्दल अभिनंदन! छतावरचे ते पाच पिवळे दिवे रुबाबदार दिसतात खरे, पण ड्रिल हातात घेण्याआधी टेप घ्या.

अमेरिकेत आकडा एकच लक्षात ठेवा: ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. एकूण रुंदी तेवढी किंवा जास्त असेल तर हे दिवे सक्तीचे. कडेचे दोन गाडीची रुंदी दाखवतात, मधले तीन 'ही मोठी गाडी आहे' एवढंच सांगतात. मागे चार चाकं असलेली ड्युअली म्हणूनच दिव्यांसकट येते. फोर्ड रॅप्टर या रुंद पिकअपच्या पुढच्या जाळीतले तीन छोटे दिवेही त्याच नियमापोटी आलेत, नुसती फॅशन नाही.

नवखे कुठे चुकतात?

- आरसे धरून मोजतात. आरसे रुंदीत धरत नाहीत. दारं बंद करून बॉडी मोजा.
- रंग. पुढे पिवळा, मागे लाल, बस्स. पुढे निळा-लाल लावलात तर पोलीस थांबवणारच.
- छताला भोक पाडून सील नीट न करणं. हे मी स्वतः केलंय. पहिल्याच पावसात आतलं कापड भिजलं, थेंब थेट मांडीवर! गॅस्केट (दिव्याखालची रबरी चकती) घाला, वर सिलिकॉन फिरवा, सुकू द्या, मग पाइपने पाणी मारून बघा.

वायर पार्किंग लाइटच्या सर्किटवर घ्या. रिले (विजेवर चालणारा स्विच) वगैरे सध्या डोक्यात घेऊ नका.

गाडी ८० इंचांच्या आत असेल तर दिवे हौसेचे. तेव्हा आधी आपल्या राज्याचा नियम वाचा. मोजलंत की आकडा कळवा, पुढचं बघू.