"एनसीसीत फार ओरडतात हो, आमच्या मुलाला झेपेल का?"

शाळा सुरू झाल्या की दरवर्षी हा प्रश्न येतोच. मूल आठवीत गेलेलं असतं, शाळेत एनसीसीची निवड झालेली असते, खाकी ड्रेस अजून मिळालेलाही नसतो आणि आईवडील माझ्यासमोर, म्हणजे समुपदेशकासमोर बसून विचारतात, मॅडम, आमचा जरा हळवा आहे, तिथे ओरडतात, शिक्षा करतात, काढून टाकू का? कधी मुलगा असतो, कधी मुलगी, काळजी तीच. म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आईबाबा दोघंही आले होते. मुलगा आठवीतला, वर्गात सगळ्यात उंच, बोलायला कमी. परेडच्या दिवशी सकाळी पोट दुखायचं, डॉक्टरांना दाखवून झालं होतं, त्यांना काही सापडलं नव्हतं. आईचं म्हणणं, उस्ताद फार जोरात ओरडतात, त्याला आवाज सहन होत नाही, लहानपणापासून असाच आहे. (उस्ताद म्हणजे युनिटकडून ड्रिल शिकवायला येणारे सैन्यातले हवालदार, मुलं त्यांना उस्तादच म्हणतात.) बाबांचं म्हणणं एकदम उलट, "काढायचं बिढायचं काही नाही मॅडम, दोन वर्षं तिथं रगडला की सरळ होईल." आणि मुलगा दोघांच्या मधे खाली मान घालून बसलेला, म्हणजे त्याच्याबद्दलच चाललेलं सगळं पण त्याला कोणी विचारतच नव्हतं.

पुढच्या भेटीत मी त्याला एकट्याला बसवलं. म्हणलं, पोट प्रत्येक परेडला दुखतं का रे?

"नाही. पाऊस असला की वर्गात मॅप रीडिंग घेतात, तेव्हा नाही दुखत."

"आणि उस्ताद येतात तेव्हा?"

थोडा विचार करून म्हणाला, "उस्ताद असले की नाही दुखत. ते नसले की दुखतं."

आता बघा, आई सांगत होती त्याच्या बरोब्बर उलटं. मी त्याला म्हणलं, मला जरा दाखव बरं तुम्ही कसे उभे राहता ते. तो उठला आणि मला खरंच नवल वाटलं, टाचा जुळलेल्या, मुठी बंद, अंगठे पँटच्या शिवणीला लागलेले, नजर सरळ समोर. मघाशी खुर्चीत अंग चोरून बसलेला मुलगा हाच का असं वाटावं इतका फरक. म्हणजे ड्रिल त्याला आवडत होतं, नुसतं आवडत नव्हतं तर ती एकच जागा होती जिथे नेमकं काय करायचं ते त्याला पक्कं माहीत होतं.

मी म्हणलं, छान. आता कमांड दे.

तो गप्प. मग खांदे हळूहळू खाली आले.

"माझा आवाज फाटतो मॅडम."

तर गोष्ट अशी होती की उंची बघून त्याला सेक्शन कमांडर, म्हणजे आपल्या छोट्या तुकडीचा प्रमुख केलेलं. उस्ताद आले की कमांड तेच द्यायचे, ते नसले की शाळेतले एनसीसीचे सर याला पुढे उभं करायचे. एके दिवशी "सावधान" म्हणताना आवाज मधेच चिरकला आणि सगळे हसले. तेव्हापासून पोट. उस्तादांच्या ओरडण्याची भीती नव्हतीच, आपला आवाज चारचौघांत ऐकू जाईल याची होती.

"आणि हसले की काय होतं?"

"मग माझं कोण ऐकणार? मी कसला कमांडर."

"त्या दिवशी आवाज फाटला, पोरं हसली, बरोबर. मग ती सावधान झाली का नाही?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हेच काम असतं आणि ते मला इतक्या वर्षांत चांगलं जमायला लागलंय. बऱ्याच वेळाने म्हणाला, "झाली. हसत हसत झाली."

"सगळी?"

"हो, सगळी." आणि मग एकदम, "म्हणजे मॅडम, त्यांनी ऐकलं."

हे वाक्य मी त्याला दिलं असतं तर घरी जाईपर्यंत विसरला असता. ते त्याचं त्याला सापडलं म्हणून टिकलं. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे, ते लपवत नाही. घटना जेवढा त्रास देते त्याहून जास्त त्रास आपण त्या घटनेबद्दल स्वतःला जे सांगतो त्याने होतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पोरं हसली ही घटना. "मी कमांडर व्हायच्या लायकीचा नाही" हे त्याने स्वतः त्यात घातलेलं, आणि पोट दुखत होतं ते या दुसऱ्या वाक्यामुळे.

नंतरच्या भेटींत आम्ही काय केलं तर माझ्या खोलीत मुद्दाम आवाज फाटू देऊन कमांड द्यायच्या, दार उघडं, बाहेर लोक बसलेले. एलिसने लाज घालवायला असले प्रयोग लोकांकडून करून घेतले होतेच. पहिल्यांदा कान लाल झाले त्याचे, नंतर त्यालाच हसू यायला लागलं. शिवाय मी त्याला साधी माहिती दिली, जी घरात कोणी दिली नव्हती, की या वयात स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, त्यांच्यावर ताबा यायला थोडे महिने जातात, सगळ्याच मुलांचं होतं. आणि कमांडचे दोन भाग असतात ना, "दाहिने" लांबवून, मधे थांबा आणि मग "मुड" तोडून, तर त्या थांब्यात पोटातून श्वास घे हे त्याला उस्तादांनीच सांगितलं, कारण तो पहिल्यांदा त्यांना जाऊन विचारायला धजला.

बाबांशी वेगळं बोलले. विचारलं, पोराने येऊन सांगितलं असतं की माझा आवाज फाटला, सगळे हसले, तर तुम्ही काय म्हणाला असता? प्रामाणिक माणूस, लगेच म्हणाले, "एवढ्यानं रडतोस काय, असंच म्हणालो असतो." मी म्हणलं, म्हणून तो पोट दुखतंय म्हणतो. त्यानंतर ते "सरळ होईल" हा शब्द माझ्यासमोर तरी बोलले नाहीत. पोटदुखी काही एका दिवसात गेली नाही, अधूनमधून होतीच, पण तो परेडला जात राहिला. मग एकदा येऊन सांगितलं, आज परत फाटला, दोघं हसले, मी थांबलो आणि पुन्हा कमांड दिली.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना गोष्टीपेक्षा उत्तर हवंय.

ओरडणं आणि मारणं यात फरक करा. मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा असतो, म्हणून उस्ताद जोरात बोलतात, ते तुमच्या मुलावरचा राग नसतो आणि मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. पण अंगाला हात लावणं, काठी, अपमान, जातीवरून किंवा शरीरावरून बोलणं, हे ड्रिलमध्ये बसत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या कॉलेजचा तो व्हिडिओ आला होता ना, भर पावसात कॅडेट्सना, म्हणजे एनसीसीतल्या मुलांना काठीने मारतानाचा, तसलं काही कानावर आलं तर "शिस्त आहे" म्हणून गप्प बसू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी द्या. सीनियर कॅडेट काय करतात हे आवर्जून विचारत जा, मुलं उस्तादांबद्दल सांगतात पण सीनियरबद्दल सांगत नाहीत.

एनसीसी घेतली म्हणजे सैन्यात जावंच लागेल असं वाटतं बऱ्याच आयांना. तसं अजिबात नाही. १९४८ च्या एनसीसी कायद्याखाली चालणारी ही संघटना आहे, कॅडेटवर सैन्यात जायचं कुठलंही बंधन नसतं. आणि उलट बाजूने, आठवी नववीच्या 'ए' सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल ही आशाही धरू नका. ज्या 'सी' सर्टिफिकेटमुळे अधिकारी व्हायला लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीची एक वाट उघडते ते कॉलेजात मिळतं, ते पुढचं पुढे बघता येईल.

अभ्यास बुडेल का, तर थोडा वेळ जाईल, हो. 'ए'साठी दोन वर्षं, ७५ टक्के परेड आणि निदान एक कॅम्प लागतो, कॅम्प साधारण दहा दिवसांचा. घराबाहेर, रांगेत जेवण, स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, बूट पॉलिश. मुलगी असेल तर पाळीचं सामान, औषधं, कुणाला सांगायचं हे आधी नीट बोलून ठेवा, तिला तिथे गेल्यावर विचारायची लाज वाटू देऊ नका. दमा, फिट्स, कसलंही औषध चालू असेल तर फॉर्म भरताना सरांना खरं खरं सांगा, निवड जाईल म्हणून लपवू नका.

आणि सरळ करायला म्हणून पाठवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. घरी ऐकत नाही म्हणून एनसीसी, मोबाइल सुटत नाही म्हणून एनसीसी, असं केलं की मुलाला ती शिक्षा वाटते आणि शिक्षेच्या जागी कुणी मन लावत नाही. मूल स्वतःहून जायचं म्हणतंय का बघा. नको म्हणत असेल तर "का" म्हणून दरडावण्यापेक्षा मी विचारलं तसं विचारा, कधी नको वाटतं, कधी चालतं, कोण असलं की चालतं. त्या उत्तरांत सगळं असतं. पहिल्या दोन-तीन परेडवरून ठरवू नका, कॅम्पपर्यंत थांबा आणि मग निर्णय त्याला घेऊ द्या. सोडायचं म्हणालं तर सोडू दे, पण सरांना जाऊन ते त्याने स्वतः सांगायचं, तुम्ही सोबत गेलात तरी दाराबाहेर थांबा.