दहा दिवसांचा पर्चा, दोन वर्षांची गोळी

प्रश्न : ताई, मी ६३ वर्षांची, इंदूरच्या सुदामानगरात राहते. शुगर आणि बीपी दोन्ही आहे. सकाळी गोधड्या आवरायला घेतल्या की शिंका सुरू होतात, एका दमात पंधरा-वीस. मग नाक गळतं, डोळे चुरचुरतात. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लिव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम आणि मॉन्टेलुकास्ट १० मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी रात्री घ्यायला सांगितली, दहा दिवस. गुण आला म्हणून तोच पर्चा दाखवून आजही आणते. मध्यंतरी लेकीकडे वडोदऱ्याला गेले, गोळ्यांचा पत्ता घरीच राहिला. तिसऱ्या दिवशी अंगाला अशी खाज सुटली की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पुरळ मात्र काही नाही. परत आल्यावर गोळी घेतली आणि खाज गेली. मला सवय लागली का? अलीकडे वाईट स्वप्नं पडतात, दचकून उठते, पण ते रात्री खाल्लेल्या सेव-परमलमुळे (शेव-कुरमुऱ्यांमुळे) असेल. यजमान ७१ वर्षांचे, प्रोस्टेटचा त्रास आहे. सर्दी झाली म्हणून दुकानातून साधी सर्दीची गोळी आणून दिली, तर रात्री लघवीच अडली, नळी घालावी लागली. पुढच्या वेळी त्यांना माझीच गोळी देऊ का?

उत्तर : वहिनी, सेव-परमलवर उगाच आळ घेऊ नका. माझा संशय मॉन्टेलुकास्टवर आहे. वाईट स्वप्नं, झोपमोड, चिडचिड, मन उदास होणं हे या औषधाचे माहीत असलेले त्रास आहेत. क्वचित जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही येतात. अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एफडीएने, मार्च २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. केवळ नाकाच्या ॲलर्जीसाठी, दुसऱ्या औषधांनी भागत असेल तर हे देऊ नये, असंही सांगितलं. दमा असलेल्यांचा हिशेब वेगळा असतो. तुमच्या पत्रात दम्याचा उल्लेख नाही, पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. ही स्वप्नांची गोष्ट त्यांना याच आठवड्यात सांगा. मन फारच खाली गेलं, नको ते विचार आले, तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी जा.

आता खाज. दारू किंवा झोपेच्या गोळीची लागते तशी ही सवय नाही, पण तुमच्या मनाचा खेळही नाही. सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम बंद केल्यावर काहींना अशीच भयंकर खाज सुटते, तीही ज्यांना आधी खाजेचा त्रास नव्हता त्यांना. एफडीएने मे २०२५ मध्ये याचीही सूचना काढली. प्रकार दुर्मीळ आहे आणि बंद केल्यावर दोन-चार दिवसांत सुरू होतो, म्हणजे तुमचा तिसरा दिवस बरोबर बसतो. गोळी पुन्हा सुरू केली की बहुतेकांची खाज थांबते, मग हळूहळू मात्रा कमी करत ती सोडवता येते. ते वेळापत्रक डॉक्टर आखून देतील. परस्पर अर्धी-पाव करत बसू नका, आणि हे वाचून आज रात्रीच पत्ता कचऱ्यात टाकू नका.

मी डॉक्टर नाही. राजवाड्याजवळ २८ वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी होते, म्हणून सांगते. आपल्या इंदूरात पर्चा रेशनकार्डासारखा जपतात. घडीवर घडी पडून शाई उडालेली, तारीख कधीची ते दिसत नाही, पण "तेच द्या." दहा दिवसांसाठी लिहिलं तेव्हा डॉक्टरांनी तुमची दोन वर्षांपूर्वीची तब्येत पाहिली होती. लिव्होसेटिरिझिन बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. शुगर आणि बीपी असलेल्या माणसाची मूत्रपिंडं दोन वर्षांत मंदावू शकतात. तसं झालं तर तीच ५ मिलिग्रॅमची गोळी अंगात साचते, मग दिवसाही गुंगी आणि तोल जाणं आलं. अशा वेळी मात्रा कमी करतात किंवा गोळी एक दिवसाआड देतात. शेवटचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी, कधी केलीत? रिपोर्ट जुना असेल तर भेटीआधी नवा करून न्या.

गुंगीवरून माझीच फजिती सांगते. अंगावर पित्त उठलं म्हणून मला रात्री हायड्रॉक्सिझिन दिली होती. सकाळी मला वाटलं, उतरली. रीगल चौकात सिग्नल हिरवा होऊन मागचे सगळे हॉर्न बडवत होते आणि मी स्कूटरवर शांत बसलेली. डोळे उघडे, पण डोकं कुठे भलतीकडेच. तेव्हापासून नवी गोळी सुरू केलेल्या प्रत्येकाला मी सांगायची, पहिले दोन-तीन दिवस गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. आणि हायड्रॉक्सिझिनचं शरीरात सेटिरिझिनच होतं. त्यामुळे एका डॉक्टरांनी खाजेला ही आणि दुसऱ्यांनी शिंकांना ती दिली, तर नावं दोन असली तरी औषध दुप्पट जातं. दोन्ही पर्चे एकाच डॉक्टरांसमोर ठेवायचे ते यासाठी. झोपेची गोळी चालू असेल तर तीही दाखवायची.

यजमानांचं ऐकून वाईट वाटलं. "साधी सर्दीची गोळी" हा शब्दच मला आवडत नाही. तिच्यात बहुधा क्लोरफेनिरामिन असतं आणि नाक मोकळं करायला फिनायलेफ्रिन. पहिल्याने मूत्राशयाचा जोर कमी होतो, दुसऱ्याने त्याचं तोंड आवळलं जातं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला मग वाटच राहत नाही. सत्तरीपुढे या जुन्या औषधांनी बद्धकोष्ठ आणि डोक्यात गोंधळही होतो. तुमची गोळी त्या मानाने सौम्य आहे, पण लघवी अडण्याची सूचना तिच्याही पत्रकात असते. म्हणून नाही, देऊ नका. पुढच्या वेळी मीठपाण्याने नाक धुवायचं, वाफ घ्यायची आणि दुकानात पाऊल ठेवताच आधी "प्रोस्टेट आहे" म्हणायचं.

शिंका गोधड्यांशीच येतात तर त्यातल्या धुळीच्या किड्यांकडे बघा. खोळी आणि चादरी दर आठवड्याला चांगल्या कडकडीत पाण्यात धुवा, गोधड्या झटकायचं काम दुसऱ्याला द्या. नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेबद्दल डॉक्टरांना विचारा. रोजच्या त्रासाला, विशेषतः नाक चोंदण्याला, गोळीपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. मात्र त्याला रोज मारून आठवडाभर तरी द्यावा लागतो. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारा आणि डावीत उजव्या, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर बसत नाही आणि रक्त येत नाही.

प्रश्न : विजयनगरला नोकरी करतो, वय २७. शिंकांवर गुंगी न आणणारी गोळी म्हणून डॉक्टरांनी फेक्सोफेनाडिन १८० दिलं. रोज सकाळी जिमनंतर मोसंबीच्या रसाबरोबर घेतो. शिंका जशाच्या तशा. औषध नकली असेल का?

उत्तर : रस सोडून पाहा. संत्रं, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसाने हे औषध आतड्यातून कमी शोषलं जातं. मोसंबी त्यांचीच बहीण, तिच्यावर भरवसा कशाला? गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या. ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध घेत असाल तर दोहोंत दोन तासांचं अंतर ठेवा. आठवडाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा, आपल्या मनाने दोन गोळ्या घेऊ नका. त्वचेवर टोचून ॲलर्जीची तपासणी करायची ठरली, तर आठवडाभर आधी गोळी थांबवावी लागते, नाहीतर तपासणीत काहीच उमटत नाही आणि पैसे वाया जातात. नेमके किती दिवस ते तपासणीवाल्यांनाच विचारा.