मराठी नववधूचं रंगीबेरंगी एडिटोरियल (मासिकाच्या पानांसाठीचं) शूट एका दिवसात कसं आखावं?

तुमच्या प्रश्नात वाईजवळच्या मेणवलीचा घाट, एक मॉडेल, एक दिवस आणि पाच लूक आहेत. पाचाचे तीन करा. नऊवारी नीट नेसवायलाच अर्धा तास लागतो. खोपा, दागिने आणि मेकअप धरला की प्रत्येक बदलाला सव्वा-दीड तास जातो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. मऊ उजेड मिळतो तो नऊपर्यंत आणि पुन्हा साडेचारनंतर.

माझा क्रम असा: सकाळी घाटावर राणी रंगाची पैठणी, दुपारी नाना फडणवीसांच्या वाड्याच्या सावलीत दाराशी अष्टपुत्री (लग्नविधीतली पिवळी साडी), मुंडावळ्या आणि हिरवा चुडा, संध्याकाळी हिरवा शालू. वाड्याची परवानगी आधी लेखी घ्या आणि घाटावरच्या देवळांत येणाऱ्यांची वाट अडवू नका.

रंगीबेरंगी म्हणजे खूप रंग, असं समजू नका. एका फ्रेममध्ये साडीचा रंग मुख्य, काठाचा रंग जोडीला, आणि तिसरा अगदी थोडा, गजऱ्यातल्या अबोलीएवढा. घाटाचा काळा दगड रंगाला जो उठाव देतो तो कुठल्याच रंगीत पडद्याने येत नाही, म्हणून तिथे झेंडूची तोरणंही लावू नका. मात्र गडद दगडामुळे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. ते फ्रेम उजळ करायला जातं आणि जर पांढरी फटक होते. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवा. राणी रंगात लाल चॅनल सगळ्यात आधी संपतो, म्हणजे लालाच्या छटा कमाल मर्यादेला जाऊन पुसल्या जातात, त्यामुळे एकत्रित हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसला तरी लाल वेगळा तपासा. तो संपला की निऱ्यांच्या घड्या जाऊन गुलाबी सपाट पट्टा उरतो, आणि एडिटिंगमध्ये त्या परत येत नाहीत.

साडीची निवड खिडकीजवळ करा. धूपछाँव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. घडी हातात धरून हळूहळू फिरवली की जांभळ्यातून हिरवा डोकावतो. हा खेळ बाजूने येणाऱ्या उजेडात दिसतो, समोरून फ्लॅश मारला की मरतो. पदर वाऱ्यावर सोडायचा असेल तर हातमागाचीच पैठणी घ्या. तिचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, यंत्रमागावरच्या साडीच्या मागचे सुटे धागे फोटोत उघडे पडतात. सेफ्टी पिन थेट जरीतून घालू नका, खाली कापडाचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर पदराच्या वजनाने वीण फाटते. आत साडीच्या रंगाची लेगिंग घालायला लावा, कारण पायऱ्या चढताना कासोटा सरकतो. बसवण्याआधी पायरी कोरडी पुसून घ्या. पाण्याचा डाग रेशमावर राहतो.

मोगरा कळ्यांचाच घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळून थंड डब्यात ठेवा, पण बर्फाला टेकू देऊ नका, पाकळ्या काळ्या पडतात. फ्लॅश वापरणार असाल तर झिंक किंवा टायटॅनियमचं सनस्क्रीन टाळा, चेहरा मानेपेक्षा पांढरा येतो. अष्टपुत्रीचा पिवळा हनुवटीखाली उमटतो आणि त्वचा आजारी दिसते. त्यावर उपाय म्हणजे पांढरा रिफ्लेक्टर समोरून, कमरेच्या उंचीवर. सोनेरी रिफ्लेक्टर इथे नकोच. प्रत्येक जागी पहिली फ्रेम ग्रे कार्डाची (नंतर रंग जुळवण्यासाठीच्या राखाडी कार्डाची) घ्या.

माणसं सहा पुरेत: छायाचित्रकार, त्याचा मदतनीस, मेकअप-केशरचना करणारी, नऊवारी नेसवणारी, मॉडेल आणि दागिन्यांवर लक्ष ठेवणारं एक जण. नेसवणारीला नेसवून झाल्यावर घरी पाठवू नका. दर चार-पाच फ्रेमनंतर निऱ्या आणि ओचा तिनेच सारखा करायचा असतो.

शेवटचं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पानाच्या मांडणीसाठी फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवू नका. डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते, पदर उजव्या खांद्यावर येतो, आणि मराठी वाचकाला ते लगेच खटकतं. डावीकडे बघणारी आणि उजवीकडे बघणारी अशा दोन्ही फ्रेम प्रत्येक लूकमध्ये शूटच्या वेळीच घेऊन ठेवा, मथळ्यासाठी वर एक तृतीयांश जागा मोकळी सोडून.